बिनकोपऱ्याचं घर

कोपऱ्याबद्दल कांबळे सरांचं मत फार वाईट होतं. माणसं कोपऱ्यात काय ठेवतात, असं ते विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे: केरसुणी, जळमटं आणि म्हातारी माणसं. "कोपरा म्हंजे नको असलेल्याची सोय, आक्का," असं म्हणत ते डब्यातली भाकरी हातावर घेऊन फिरवायचे. भाकरी गोल, तवा गोल, घागर गोल, विहीर गोल. मग माणसानंच तेवढं चौकोनात का राहायचं? मी म्हणायचे, "सर, डबा चौकोनी हाय तुमचा." ते डब्याकडं नीट बघायचे आणि म्हणायचे, "म्हणूनच भाकरी मोडून घालाय लागत्या."

निपाणीच्या एका आयटीआयमध्ये आम्ही बरोबर नोकरी केली. ते ड्राफ्ट्समनच्या वर्गाला शिकवत, मी ऑफिसात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला आक्का म्हणायचे. नाव आनंदा आणि चेहरा कायम कुणीतरी आत्ताच रागावल्यासारखा. उंच, वाळकुडे, शर्टाच्या खिशाला पेन अडकवावं तसा कंपास अडकवलेला. पोरं त्यांना कंपास सर म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. बोलता बोलता समोर जो कागद येईल त्यावर ते वर्तुळ काढायचे. मी टाईप करून ठेवलेल्या किती पत्रांवर त्यांनी अशी वर्तुळं काढली आणि मला ती पुन्हा टाईप करायला लावली, ते आठवलं की अजून चीड येते.

सर गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. त्यांनी बांधलेलं घर अजून उभं आहे. ते कुणाचं आहे, हे मात्र त्यांच्या गावात जाऊन विचारू नका. तिथं तुम्हाला सरांचं नाव सांगणारं कुणी भेटायचं नाही.

घुमटाच्या घराचं खूळ त्यांच्या डोक्यात कच्छकडच्या एका शिबिरातून शिरलं. संस्थेनं पाठवलं म्हणून गेले आणि परत आले ते डोक्यात गोल घर घेऊनच. खाली गोल भिंत, तीच वर वळत वळत मिटत जाते आणि तिचंच छप्पर होतं. तुळई नाही, आढं नाही, पत्रा नाही, लोखंड नाही. माती, रेती आणि चिमूटभर सिमेंट कालवून हातयंत्रात दाबलेल्या कच्च्या विटा, बस्स. आमच्या निपाणीच्या पूर्वेला, चिकोडी रस्त्याच्या वरच्या अंगाला जे माळ आहेत, तिथं पाऊस नुसता ढग दाखवून पुढं जातो. बाभळी आणि घायपात सोडली तर झाड नाही. तिथं छपराला लाकूड कुठून आणणार? माणसं पत्रा टाकतात आणि मार्चपासून त्याच्याखाली भाजून निघतात. सरांचं म्हणणं, घुमट या माळाचंच घर आहे, इथल्या माणसांना अजून ते सुचलेलं नाही इतकंच.

शांतावहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, हे सगळं ऐकून घ्यायच्या आणि मान न वर करता म्हणायच्या, "ते व्हईल तवा व्हईल. आधी मोरीवरचा पत्रा गळतोय तो बघा." लग्नाआधीपासून विड्या वळलेल्या त्यांच्या बोटांना गप्प बसणं माहीत नव्हतं. बोलताना त्या पदराचं टोक वळत बसायच्या. सरांच्या घुमटाची त्यांनी यथेच्छ टिंगल केली, पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "हेंच्या रिटायरमेंटनंतर जावं लागणार बघा मला माळावर. गोल तर गोल." जावं लागलं नाही. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या गेल्या, काविळीनं, बघता बघता. त्यानंतर सर डबा आणायचे बंद झाले. मी जास्तीची भाकरी आणायची आणि त्यांनी ती बघून "गोल हाय," एवढंच म्हणायचं, असं उरलेलं वर्ष गेलं.

निवृत्त झाल्यावर ते वडिलांच्या जमिनीवर गेले. त्यांच्या मूळ खेड्याच्या वरच्या माळावर, गावापासून लांब, कुणालाच नको असलेला एक तुकडा त्यांच्या वडिलांच्या नावावर होता. तिथं त्यांनी स्वतः, दोन गवंडी हाताशी घेऊन, घुमट उठवला. मी एकदा मुद्दाम बघायला गेलते. आखलेल्या गोलाच्या बरोबर मधोमध एक खुंटा आणि त्याला बांधलेली दोरी. प्रत्येक वीट ठेवली की दोरी ताणून तिच्या टोकाला लावून बघायची. दोरी पुरली तर वीट बरोबर. गवंडी वैतागलेले, कारण त्यांचा ओळंबा नुसता खिशात पडून होता. सर उन्हात दोरीचं टोक धरून गोल गोल फिरत होते. वहिनी गेल्यानंतर त्यांच्या तोंडावर एवढं तेज मी पहिल्यांदा बघितलं. "आक्का, हितं दहा घरं हुतील," ते हात पसरून म्हणाले. "एक बघितलं की दुसरा बांधंल, दुसऱ्याचं बघून तिसरा. माळाचं गाव हुतंय."

हे त्यांना मनापासून हवं होतं. नुसतं घर नाही, शेजार हवा होता.

घर झालं, फार चांगलं झालं, हे मीसुद्धा कबूल करते. बाहेर डोळे उघडवत नसताना आत पाय ठेवला की अंग निवायचं. अडचणी होत्या त्या निराळ्या. निपाणीच्या घरातलं वहिनींचं लोखंडी कपाट आणलं, तर ते गोल भिंतीला टेकेना. कसंही ठेवलं तरी मागं सांद राहायची, म्हणून ते पुढं पुढं सरकत जवळजवळ मध्यावर आलं. त्या सांदीत मांजर व्यालं. मी म्हटलं, "सर, झाला तुमचाबी कोपरा." ते उठले. मांजराला दूध घातलं तेवढं.

पंचायतीच्या घरकुल योजनेत घुमट बसावा म्हणून त्यांनी खूप खटपट केली. एकदा माणूस मोजणीला आला. टेप काढून दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "उद्द एष्टु, अगल एष्टु?" लांबी किती, रुंदी किती. सर म्हणाले, लांबी-रुंदी नाही, व्यास आहे. तो म्हणाला, तसं चालत नाही, वर लांबी-रुंदी मागतात. सर म्हणाले, दोन्हीकडं व्यासच लिहा. तो बिचारा घराभोवती टेप घेऊन दोनदा फिरला, घाम पुसला, सरांनी दिलेलं पाणी प्याला आणि गेला. पुन्हा आला नाही. सर म्हणाले, "गोल फिरला न्हवं दोनदा? प्रदक्षिणा झाली." हे ते गमतीनं बोलले होते. पुढं तेच खरं होणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता चुकीबद्दल सांगते. चूक सरांचीच होती. ऊन परतून जावं म्हणून त्यांनी घुमटाला चुन्याचा पांढराशुभ्र हात दिला, ते ठीक. पण दाराला रंग द्यायची वेळ आली तेव्हा वर्कशॉपच्या बाकांना लावून उरलेला एक डबा त्यांच्याकडं होता, तो त्यांनी लावून टाकला. तो हिरवा होता. वैराण माळावर पांढरा घुमट, त्याला हिरवं दार आणि समोर एक बाभूळ. आमच्या भागात असं दिसलं की माणूस आधी चपला काढतो, मग विचार करतो.

पहिल्यांदा एका ट्रॅक्टरमधल्या बायका थांबल्या. सर आत जेवत होते. बाहेर कुजबुज ऐकून, पाहुणे आले म्हणून ते हात धुऊन बाहेर येईपर्यंत ट्रॅक्टर निघून गेला होता आणि उंबऱ्यावर नारळ होता. सरांना वाटलं, नवीन घर बघून कुणीतरी शुभ म्हणून ठेवला. त्यांनी तो फोडून खाल्ला आणि मला फोन करून मोठ्या खुशीत सांगितलं, "आक्का, माणसं घर बघाय लागली." पुढच्या गुरुवारी ऊद आला. मग तेलाची बाटली, मग चादर.

गावात खऱ्या दर्ग्याची देखभाल करणारे मुल्ला चाचा होते, भला माणूस. सरांनी त्यांनाच गाठलं. चाचा स्वतः माळावर आले आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "अरे बाबांनो, हितं कोण पीर न्हाय. सर राहत्यात. पीर हाय तो खाली गावात." माणसांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आपसांत म्हणाली, चाचाला आपल्या दर्ग्याची गर्दी कमी झालेली बघवेना. चाचा पुढं हसत हसत सरांना म्हणायचे, "सर, आता तुम्हीच पीर व्हा. मी सुटतो."

सरांनी दार घासून काढलं आणि निळं केलं. तेव्हा आमच्या ऑफिसातलेच एक-दोघं त्यांच्या समाजातले लोक भेटून म्हणाले, सर, विहार छान बांधलाय, उद्घाटन कधी? वरच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं ठामपणे सांगितलं, ही कुणा स्वामींची समाधी आहे, त्याच्या आज्यानं बघितलेली. मग सरांनी रंगच खरवडून टाकला. काही उपयोग झाला नाही. मुसलमानांना, लिंगायतांना, मराठ्यांना, बौद्धांना, सगळ्यांना तिथं आपापलं काहीतरी दिसलं. घर कुणालाच दिसलं नाही.

त्यात घुमटाला आवाज होता. मधोमध उभं राहून हळू बोललं तरी बोलणं वर जाऊन भरदार होऊन परत यायचं. सर सकाळी वंदना म्हणायचे ती बाहेर रस्त्यापर्यंत, जमिनीच्या पोटातून यावी तशी ऐकू जायची. आता एवढं झाल्यावर त्या माणसांना तरी काय म्हणायचं?

बसवाल्यांनी तर नावच पाडलं. फाट्यावर बस थांबली की कंडक्टर ओरडायचा, "दर्गा, इळीरी!" दर्गा आला, उतरा. सर उतरायचेच नाहीत. "कांबळ्यांचं घर म्हण, उतरतो," असं ते सांगायचे. कंडक्टर हसायचा आणि घंटी मारायचा. सर पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून उलटे चालत यायचे, हातात भाजीची पिशवी. मी एकदा बरोबर होते. माझे पाय भाजले आणि मी त्यांना चांगलं सुनावलं, की कंडक्टरच्या एका शब्दासाठी माणूस एवढी पायपीट करतो का. त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी उतरलो की त्यो शब्द खरा हुतोय."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला चपलांचं शास्त्र सांगितलं. माणूस घरी आला की चपला दारात काढतो, उंबऱ्याला लागून, कशाही. देवापुढं आला की लांब काढतो, जोडीनं. "मी आतनंच ओळखतो. बाभळीखाली वाजलं की भक्त. दारात वाजलं की तुम्ही न्हायतर पोस्टमन." बोलताना ते हसत होते. मग हसायचे थांबले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "आमच्या बापाच्या दाराला ह्या गावातलं कोण शिवत न्हवतं, आक्का. हाक मारायची तर लांबनं. आता त्याच्याच रानात येऊन कपाळ टेकत्यात. ह्या दोन्हीच्या मधलं काय ते कुणाला जमंना. येऊन बसावं, च्या प्यावा, कसं काय चाललंय म्हणावं... तेवढंच राहिलं बघा."

 मी चहा ठेवायला उठले.

त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा पुण्यात असते, बँकेत. तिला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा सर मला घेऊन बाजारात गेले आणि माझ्याकडून बाळंतविड्याचं सामान निवडून घेतलं. शतावरी, डिंक, खारका सगळं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माळावर. घुमट मिटवताना अगदी वरच्या शेवटच्या विटेत त्यांनी एक लोखंडी कडी अडकवून ठेवली होती. मला ती पंख्यासाठी वाटली होती. ती पाळण्यासाठी होती. घराला तुळई नाही, मग झोळी कशाला बांधायची, असं वहिनींनी एकदा त्यांना चिडवलं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांनी वहिनी नसताना असं बांधून ठेवलं होतं. वहिनींच्या इरकली लुगड्याची झोळी शिवून आणली. कडी वजन पेलते का बघायला तिच्यात ज्वारीचं पोतं घातलं आणि दोरी धरून झोके देत बसले. मी दारात उभी होते. पोत्याला झोके देणारा तो वाळका माणूस बघून मला हसू आलं आणि लगेच मी तोंड फिरवलं.

प्रज्ञा पाचव्या महिन्यात सासूबाईंना घेऊन घर बघायला आली. तिला घर आवडलं, ती मध्ये उभी राहून "आई" अशी हाक मारून बघत होती आणि हाक परत आली की डोळे पुसत होती. सासूबाई मात्र उंबऱ्यापाशीच थांबल्या. बाहेर बाभळीला कुणी कुणी नवसाचे इवलेसे लाकडी पाळणे बांधले होते, ते त्यांनी बघितले, उंबऱ्यावरची उदाची राख बघितली. त्या काही वाईट नव्हत्या. फार नम्रपणे म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. पण हे समाधीसारखं दिसतं हो. बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला अशा जागी कसं ठेवायचं?" सरांनी आर्जव केलं नाही. दोरी, व्यास, गारवा यातलं काही समजावून सांगितलं नाही. एरवी या विषयावर त्यांना गप्प करणं कठीण होतं. त्यांनी फक्त बाळंतविड्याची पिशवी आणून गाडीत ठेवली.

नात पुण्यातच झाली. सर बारशाला जाऊन आले. कसं काय झालं विचारलं तर म्हणाले, "पोरगी गोल हाय. फ्लॅटात लई कोपरे हाईत." प्रज्ञानं त्यांना तिकडंच राहा म्हणून खूप विनवलं होतं. मीही म्हटलं, जावा की सर, इथं कोण आहे तुमचं? त्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "मी हितनं उठलो तर हे कुणाचं घर हाय म्हणायचं? मानूस राहतोय तवर तरी म्हणता येतंय, घर हाय. न्हायतर दर्गाच की."

म्हणजे पहारा देत बसले. दहा घरांचं गाव राहिलं बाजूला, एक घर घर राहावं म्हणून एक माणूस तिथं रात्रंदिवस बसून होता.

त्यानंतर मीही निवृत्त झाले, गुडघ्यांनी मान टाकली, जाणं कमी झालं. शेवटचं गेले ते भर उन्हाळ्यात. सर फार खंगले होते. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. बाभळीखाली. सरांनी ओठांवर बोट ठेवलं, उठले आणि कपाटामागच्या सांदीत जाऊन बसले. पूर्वी ते धावत बाहेर जायचे, घर हाय हे, मी राहतोय हितं, असं सांगायचे. मी कुजबुजत विचारलं, हे काय? "आतनं मानूस आला की भेत्यात," ते म्हणाले. "पोरं रडत्यात. ते जाईस्तवर मी खोकतबी न्हाय." कोपऱ्यात काय ठेवतात ते त्यांनीच मला शिकवलं होतं. केरसुणीही तिथंच होती.

बाहेर एक म्हातारी, तिची सून आणि सुनेच्या कडेवर तान्हं मूल होतं. म्हातारीनं हात जोडून आत हाक दिली. सदलग्याकडची माणसं. गेल्या साली सुनेनं बाभळीला पाळणा बांधला होता आणि आता नवस फेडायला आली होती. सर सांदीतच. मग ते मूल रडायला लागलं. आवाज घुमटात शिरला आणि सगळं घर रडायला लागल्यासारखं झालं. सर सांदीतून उठले. भिंतीला धरत दारापर्यंत गेले.

"मुजावर बाबा," म्हातारी वाकत म्हणाली, "लेकराला पाळण्यात घालायचं बोलल्यालो."

मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, हे घर हाय. तेवढ्यासाठी तर ते तिथं राहिले होते. सर त्या मुलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग आत या की. हितं भाईर कशाला?"

त्यांनी कपाट उघडलं, इरकली झोळी काढली, स्टुलावर चढले आणि कडीला बांधली. मी स्टूल धरून होते. त्यांनी गाठ पक्की मारली. सुनेनं मूल आत ठेवलं. म्हातारी पाळणा म्हणायला लागली आणि तिचा तो चिरका आवाज वर जाऊन असा भरून आला, की बाहेरच्याला वाटावं दहा बायका बसल्या आहेत. सर दोरी हलकेच ओढत होते. मूल झोपलं. त्यांची स्वतःची नात त्या झोळीत कधी निजली नाही. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"आता च्या घिऊन जायचं," ते म्हणाले. मी उठायला लागले तर मला खाली बसवलं. "घरधनी मी हाय." चहा त्यांनीच केला, कपबशीत ओतला, दोघींच्या पुढं ठेवला. माळावर त्यांच्या घरात बाहेरच्या माणसांनी घेतलेला तो पहिला चहा. म्हातारीनं कप दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला, कपाळाला लावला आणि तीर्थ घ्यावं तसा घोट घेतला. सुनेनंही तसंच केलं आणि एक थेंब बोटावर घेऊन बाळाच्या ओठांना लावला.

सरांनी ते बघितलं. ते उठून बाहेर गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून मी दारात आले. ते बाभळीखाली वाकले होते. त्या दोघींच्या जोडीनं काढून ठेवलेल्या चपला त्यांनी उचलल्या आणि ऊन तुडवत घेऊन येत होते. मला ते अजिबात आवडलं नाही. त्यांच्या वडिलांच्या गावात, त्यांनी, त्या वयात, दुसऱ्याच्या पायातलं हातात घ्यावं? मी तसं बोललेही, जरा जोरातच. त्यांनी चपला उंबऱ्याला लावून ठेवल्या, मग पायानं थोड्या वाकड्यातिकड्या केल्या.

"देवाम्होरच्या न्हाईत ह्या, आक्का," ते म्हणाले. "पावण्यांच्या हाईत."

दोघी बाहेर आल्या. सवयीनं बाभळीकडं चालू लागल्या आणि तिथं चपला नाहीत म्हणून थबकल्या. मग सुनेला त्या दारात दिसल्या. आपण आत असताना आपल्या चपला चालत उंबऱ्याशी आल्या, हे म्हातारीच्या ध्यानात आलं, तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं सुनेला हातानं खाली बसवलं, स्वतः बसली आणि दोघींनी उंबऱ्यावर पुन्हा कपाळ टेकलं.

सर दाराला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. काही बोलायचं असतं तर ते तेव्हाच बोलायला हवं होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. म्हातारी उठली. मूल सुनेच्या खांद्यावर अजून झोपलेलंच होतं. उन्हानं वाळू तापली होती, म्हणून दोघींनी चपला तिथंच, सरांच्या दारातच पायात घातल्या आणि मग निघाल्या. सर त्यांना वाटेला लागेपर्यंत दारात उभे राहिले, पाहुण्यांना पोचवतात तसे.